धुतलेला डबा

१२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी कशी आहे विचारतेस. दमलेली आहे. बाबांच्या मागे कारखाना गेला, बंगला गेला, तेव्हा वाटलं होतं, नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची. इथे लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहायचं. हॉटेलांच्या ओल्या चादरी दोघींनी टोकांना धरून तापलेल्या रुळाखाली सोडायच्या. माझी जोडीदारीण म्हणते, मी चादर धरत नाही, चादरीला लोंबकळते. बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे बंब म्हणतात. तो मला राणीसरकार म्हणतो. मी मान फिरवते.

एक सोय मात्र बरी आहे. जेवून डबा बाकावर ठेवला की सुटताना धुतलेला मिळतो. त्या कामाला कुणी ठेवलेलं दिसतंय.

दादा-वहिनी नीट वागतात ना? तुझ्या खोलीतली ओल हटली का?

चिडकी असले तरी तुझीच आहे, लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची


२ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

ओल आहे तशीच आहे. मुलगा म्हणतो, उन्हाळ्यात सुकेल. सून काही म्हणत नाही, नुसती भांडी आपटते.

आता मुद्द्याचं. बाबांच्या भागीदारांनी थोरल्यासाठी तुला पुन्हा मागणी घातली आहे. हो, तोच, ज्याच्या हसण्याची तू नक्कल करायचीस. घर मोठं, हाताखाली माणसं, तुला काडी उचलावी लागणार नाही. मलाही वरच्या मजल्यावर उन्हाची खोली देतो म्हणाले. त्यासाठी मी गळ घालते आहे असं समजू नकोस. थोडंसं समज.

सोळा तारखेच्या रविवारी ये. ते चहाला येणार आहेत. हातांना तेल लावून ये.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी येईन असं ठरवलं होतं. तसं पत्रही लिहिलं, फाडलं.

मंगळवारी सुटताना डबा बाकावर तसाच होता. आमटी कडेला वाळलेली. मी चढ्या आवाजात विचारलं, डबे धुणारी आज आली नाही का? सगळ्या इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. तसं कुणी नाहीच, आत्या. प्रत्येकजण आपापला डबा धुतो. माझा बंब धुवायचा. त्या दिवशी वाफेने त्याचा हात भाजला होता, म्हणून तो घरी होता.

तो परत आल्यावर विचारलं, बोलला का नाहीस. तो म्हणाला, पहिल्या दिवशी वाटलं विसरलात, दुसऱ्या दिवशी वाटलं दमलात, पुढे विचार करणं सोडून दिलं. मग हाताच्या पट्टीकडे बघत म्हणाला, लग्नाचं विचारणार होतो, पण डबा धुतला म्हणून हो म्हणाल, ते नको.

मला अजून काही सुचलेलं नाही. प्रेमबिम करायला अंगात जोर उरत नाही. पण त्याच्याशेजारी बसून दमता येतं. भागीदारांच्या घरी मला पुन्हा ताजंतवानं दिसावं लागेल, आणि ते आता जमायचं नाही.

फक्त तुझी उन्हाची खोली डोळ्यांपुढून हलत नाही. तू ये म्हणालीस तर येईन. खरंच येईन.

जमलं तर रागावू नकोस.

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

ये म्हणायला पत्र लिहायला घेतलं होतं. दोन दिवस ते तसंच पडून राहिलं.

रविवारी मंडळी आली. थोरला हसला. तू नक्कल चांगली करायचीस. मी सांगितलं, मुलीला कामावरून सुट्टी मिळत नाही. आपल्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांना समजायला वेळ लागला. सून आत भांडी आपटायची थांबली.

मी आहे तिथे बरी आहे. बरी नाही, पण सवय आहे. पलंग भिंतीपासून पुढे ओढून घेतला.

तुला सुचेल तेव्हा त्याला हो म्हण, नाहीतर नाही म्हण, पण माझ्यासाठी म्हणू नकोस. हो म्हणालीस तर इकडे घेऊन ये. खुर्ची एकच आहे, तिच्यावर मी बसेन.

तुझी आत्या