ब्रेक जुनेच आहेत

हृतिक,

पिकपची चावी मी घेऊन चाललोय, शोधत बसू नको. पोलादपूरच्या सप्ताहाला आम्ही टाळकरी एसटीने जातोय.

सकाळी बिरवाडीच्या गॅरेजवाल्या सुहासने सगळं सांगितलं. पिकपला घालायला आणलेले नवे मोठे ब्रेक तुझ्या त्या फॅन्सी चाकांना आतून घासत होते. चाकं तीच ठेवून बसतील असे ब्रेक तो पुण्याहून मागवणार होता. गाडी आठवडाभर उभी राहिली असती, एवढंच. पण तुला मित्राच्या वरातीत मिरवायचं होतं. "जुनेच बसव, घरी बोलू नको," म्हणालास.

आणि नंतर घाटावर कीर्तनाला गेलो त्या रात्री बुवांनी भर कीर्तनात तुझं नाव घेतलं, "या पोरानं आपल्यासाठी गाडीला नवे ब्रेक घातले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझे डोळे भरून आले. तू हात जोडून गप्प उभा राहिलास रे. मग आम्हा सगळ्यांना हौद्यात बसवून आंबेनळी घाट उतरवलास.

सुहासला ब्रेक मागवायला सांगितलंय. आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घे.

आज बुवा विचारतील, "हृतिक कुठाय?" मी खरं ते सांगेन. त्या माणसाला फसवणं मला जमायचं नाय. तुला जमलं.

बाबा