शेंडा उतरवण्याबाबत

अण्णा, आधी घटनाक्रम देते, मत नंतर. ही शिस्त तुमचीच आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, लोहगडाच्या बाजूने वादळ आले. मळवलीत ते जेमतेम पाऊण तास टिकले. प्रथम गारा पडल्या, मग वारा फिरला, आणि आपल्या आवारातल्या दोन सिल्व्हर ओकपैकी पश्चिमेकडच्या झाडाचा सगळा माथा मोडून परसबागेवर आला. बागेसाठी तुम्ही ठेवलेल्या मावशी अजूनही त्याच कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. त्यांचा कारल्याचा मांडव, दोन पपया, कढीपत्ता आणि आईची जुनी अबोली, यांतले काहीही शिल्लक राहिले नाही. खोलीच्या पत्र्याचा एक कोपरा दुमडला. वादळ आले तेव्हा मावशी मांडवाखालीच कारली तोडत होत्या. गारा लागू लागल्या म्हणून पाटी तिथेच टाकून त्या ओसरीवर आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ झाड खाली आले. ती पाटी मी पाहिली आहे. पार चपटी झाली आहे. मी पुण्याहून पोहोचले ती दुसऱ्या दिवशी सकाळी. इथपर्यंत वस्तुस्थिती.

आता जे लिहायचे आहे ते तितके सरळ नाही. फाटकातून आत आल्यावर, ज्या बाईचा जीव थोडक्यात वाचला तिला मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "मांडवाचे बांबू एवढे कच्चे कोणी बांधले होते?" मावशी फांद्यांखालून अबोलीची मुळे हाताने उकरून काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच बांदलं हुतं. पर ताई, आख्खं झाड आलं वरनं. त्याला बांबू काय करनार?" मला ते उद्धट वाटले. दुमडलेला पत्रा, तुटलेले कुंपण, उघडा पडलेला नळ, एकेका गोष्टीकडे बोट दाखवत मी जाब विचारत गेले, आणि शेवटी तुमच्याच आवाजात म्हणाले, "हे सगळं कसं झालं, ते मला लेखी हवं आहे."

"मला कुटं लिवता येतंय?" मावशी म्हणाल्या. "पर लिवल्यालं हाये माज्याकडं. थांबा." त्या खोलीत गेल्या आणि आधार कार्ड ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद घेऊन आल्या. तो माझाच होता. निवृत्त होऊन घराचा ताबा घेतला त्या वर्षी मी दिलेल्या लेखी सूचना : टंकलिखित, क्रमवार, खाली माझी सही. चौथी सूचना अशी : सिल्व्हर ओकच्या शेंड्याला यापुढे कोयता लावू नये, झाडाचा शेंडा छाटणे हे अशास्त्रीय व विद्रूप आहे. "लेकीकडनं वाचून घेतलं हुतं," मावशी म्हणाल्या. "आनि या वर्साला बी फोन केलता तुमाला. इचारलं, वारं सुटायच्या आत शेंडा उतरवू का? तुमी म्हनला, लिहून दिलंय ना?" मी तसेच म्हणाले होते. शब्द न् शब्द.

अण्णा, मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना इमारतींवरचा वाऱ्याचा भार शिकवला. उंची वाढली की काय होते, वारा अडवणारे क्षेत्र वाढले की काय होते, जोड कुठे कमकुवत पडतो, हे फळ्यावर इतक्या वेळा मांडले की झोपेतही मांडता यावे. आणि माझ्याच आवारात तीन पावसाळे एक झाड शीड उभारत होते, ते मला केवळ सुंदर दिसत होते.

तुमचे ते वार्षिक काम मला कधीच आवडले नाही. वैशाखात ओक सोनेरी फुलांनी भरलेला असे, त्यावर पक्ष्यांची झुंबड असे, आणि नेमक्या त्याच सुमारास तुम्ही रविवारी सकाळी खाकी हाफ पँट घालून शिडी लावत असा. खाली शिडी धरायला मी. मी काही विचारले की तुमचे एकच उत्तर : "वर बघू नकोस. शिडी धर." दुपारपर्यंत दोन्ही झाडे बोडकी होत आणि पुढचे दोन महिने आपल्या घराकडे बघायची मला लाज वाटे. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तुमच्याकडे झाडांचीही मुंज करतात का गं?" नववीत असताना मी आदल्या रात्री कोयता तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तो आईला सापडला. तुम्ही ओरडला नाहीत. तुमच्या रेल्वेच्या कचेरीतला एक फुलस्केप कागद माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "लेखी खुलासा दे. चोवीस तासांत." मी तीन पाने लिहिली. तुम्ही ती चष्मा लावून वाचलीत, समासात तांबड्या पेन्सिलीने 'नोंद घेतली' असे लिहिलेत, आणि पुढच्या रविवारी शिडी लावलीत.

आत्ता लिहिता लिहिता दोनदा उठले. पूर्वेकडचा दुसरा ओक अजून उभा आहे, तसाच, भरगच्च. वाऱ्याची झुळूक आली की त्याच्या पानांची मागची पांढरी बाजू उलटते आणि मी खिडकीशी जाते. मावशींची खोली त्याच्याही टप्प्यात आहे. त्यांना चार दिवस लेकीकडे जायला सांगितले तर म्हणाल्या, "आनि मग वाफ्याला पानी कोन घालनार, तुमी?" त्यात उपहास होता की नव्हता, ठरवता आले नाही.

मोडलेला माथा मी जवळून तपासला. तो बरोबर तुमच्या जुन्या घावाच्या जागी निखळला आहे. कापलेल्या टोकाभोवती नंतर फुटलेले धुमारे खोडात मुरलेले नसतात, नुसते कडेला चिकटलेले असतात. तीन वर्षांत ते मांडीएवढे जाड झाले, जोड मात्र तेवढाच राहिला. म्हणजे ज्या पुस्तकावरून मी ती चौथी सूचना लिहिली, ते चुकलेले नाही. ज्या झाडाला कोयता कधीच लागला नाही, त्याला लावू नये, हे बरोबर आहे. पण ज्याचा शेंडा एकदा उतरवला, त्याचा दर वर्षी उतरवावाच लागतो. हे तुम्हाला माहीत होते. पावसाळ्याआधी घाटात माणसे चढवून रुळांच्या वरच्या कड्यांतले सुटे दगड तुम्ही आयुष्यभर उतरवून घेतलेत. तुम्हाला माहीत नसेल हे मी मान्य करणार नाही. मावशींना तुम्ही सांगितलेत, आणि तुम्ही गेल्यावरही त्यांनी माणूस लावून ते न चुकता करवले. मला सांगितले नाहीत. एका कोयत्यासाठी माझ्याकडून तीन पाने लिहून घेणाऱ्या माणसाने या झाडांबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही. मी तुमची सगळी कपाटे पाहिली.

कपाटात माझा तो खुलासा मात्र सापडला. तिसऱ्या पानावर एक वाक्य तुम्ही अधोरेखित केले आहे, हे मला ठाऊक नव्हते : 'स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला आणि मला ते झाड दिसते, निदान तेवढे तरी राहू द्यावे.' त्या वर्षी छाटणी झाल्यावर त्या खिडकीसमोर एक फांदी उरली होती, फुलांसकट. मला ती चांगली आठवते, कारण संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले होते, "एक राहिली. काम अर्धवट झालंय." तुम्ही चहा पीत होतात. नुसते "हो" म्हणालात.

उद्या सकाळी सातला झाडावर चढणारा माणूस येणार आहे. मावशी म्हणाल्या, "त्याला कुटं कापायचं त्ये मी दावीन. तुमी फकस्त शिडी धरा." मी धरणार आहे. नवा मांडव मी स्वतः बांधला. मी आत वळताच मावशींनी माझ्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या, तेही मी पाहिले आणि त्या तशाच राहू दिल्या. चूक माझी होती, हे मात्र अजून त्यांना म्हणू शकलेले नाही. तुम्हाला लिहिणे सोपे गेले, कारण हे पत्र कुठेच जाणार नाही.

तरीही दोन मुद्द्यांवर तुमचा खुलासा मागते. मला का सांगितले नाहीत? आणि ती फांदी राहून गेली होती, की ठेवली होती? उत्तर लेखी द्यावे. चोवीस तासांची अट घालत नाही.