निळ्या दारावरचा घोडा

३ मार्च

मामाच्या गाडी-पॉलिशच्या दुकानात आज बॉनेटवर मेण आधी लावलं, सीलंट नंतर. उलटं! मेणावर सीलंट धरतच नाही, ओल्या फरशीवर साबण सरकावा तसं नुसतं सरकत राहतं. मामाने बोट फिरवून पाहिलं. म्हणाला, "मास्तरीणबाई, आधी टोपी घातली आणि मग केस विंचरले!"

सगळं उतरवून पुन्हा केलं.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. मी दुकानात येण्याआधी मामा बाटल्या रंगावरून ओळखायचा, आता त्या मी वाचते. त्यामुळे माझी चूक नुसती माझी राहत नाही. सगळ्या शाळेचीच होते.

४ मार्च

पुन्हा चुकायला नको म्हणून लिहून ठेवते. ग्लेझ दुधासारखं असतं, ओरखड्यांत जाऊन बसतं आणि त्यांना झाकतं, पण चार-पाच धुण्यांत निघून जातं. ते तेलकट, म्हणून त्याच्यावर सीलंट बसत नाही. सीलंट काचेसारखं पारदर्शक, काही झाकत नाही, नुसतं रंग राखतं. त्याला स्वच्छ रंग लागतो, आणि मग ते महिनोन् महिने हलत नाही. मेण सगळ्यात शेवटी, नुसत्या तेजासाठी.

दुपारी काळ्या गाडीच्या टपावर ढग उतरले होते. बराच वेळ मी गाडी नाही, ढगच पुसत होते.

६ मार्च

गडद निळी, जुनी गाडी आली. बरोबर एक चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांच्या आई. मागच्या दारावर, लहान मुलाच्या उंचीला, खिळ्याने कोरलेला घोडा. पाय पाच!

"लहानपणी मीच केलेला उद्योग," गृहस्थ म्हणाले. "इतकी वर्षं लाज काढतोय माझी. नामोनिशाण ठेवू नका."

"मशीन फिरवलं की गेला समजा," मामा म्हणाला.

गाडीला वळसा घालताना आजींचा अंगठा घोड्याच्या पाठीवरून मानेपर्यंत गेला. न बघता! हाताला वाट पाठ असल्यासारखा. हे मी एकटीने पाहिलं.

मशीन म्हणजे रंगावरचा थरच घासून काढणं. मग घोडा गेला तो गेला. कायमचा.

७ मार्च

मला कोणी विचारलंय? गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. पण आजींना तरी कोणी विचारलं?

ओरखड्यात नख अडकलं तर तो खोल असतो, मशीन जपून. मी नख फिरवलं. अडकलं. की मी अडकवलं? पुन्हा फिरवलं. मग डोळे मिटून.

"काय गं, घोड्याला खाजवतेस का?" मामा.

"खोल आहे, मामा. थर पातळ होईल."

त्याने स्वतः बोट फिरवलं. "होईल थोडा. पण तुझ्या जागी मी असतो तर काढला असता." मग बोट फडक्याला पुसलं. "तुझं काय म्हणणं?"

"या दारावर ग्लेझ आणि वर मेण. बाकी गाडीला सीलंट."

"म्हणजे चार धुण्यांत स्वारी परत हजर."

"हो."

"मग ते गिऱ्हाईकाला तू सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही."

८ मार्च

ग्लेझ चढवलं. गोल गोल फडकं फिरत होतं आणि घोडा धुक्यात शिरत होता. आधी पाय गेले, मग पोट. डोळा शेवटपर्यंत राहिला. पुसल्यावर दार म्हणजे नुसतं स्थिर पाणी! त्यात मी, माझ्यामागे फाटक, फाटकामागे ऊन. घोडा गेलाय असं वाटेचना. आत कुठेतरी, त्या निळ्यात, खाली मान घालून चरतोय.

९ मार्च

वाक्य घोकून ठेवलं होतं. गृहस्थ आले ते कानाला फोन लावूनच. मी म्हटलं, "घोडा काढलेला नाही, झाकलाय. धुऊन धुऊन परत दिसेल." त्यांनी दाराकडे पाहिलं, मान डोलावली, "छान, छान." मला की फोनमधल्या माणसाला?

आजी मागे थांबल्या. हळूच विचारलं, "किती धुण्यांत?"

"चार-पाच."

"बरं. मग मी रोज धुवीन."

आता डोक्यात एकच चाललंय. मी बोलले म्हणजे सांगितलं, की त्यांनी ऐकलं असतं तर सांगितलं?

११ मार्च

फोन वाजला की मामाच्या आधी मी धावते. निळ्या गाडीवाले असले तर?

१५ मार्च

पाचवा पाय म्हणजे शेपूट असणार! भांडी घासताना सुचलं.

२० मार्च

गृहस्थ आले. एकटेच. दारावर घोडा, लख्ख. "मी तेव्हा सांगितलं होतं..." एवढंच कसंबसं म्हटलं.

"ऐकलं होतं मी." ते दारापाशी उकिडवे बसले. "आई रोज धुवायला लागली. काल विचारलं, हे कशाला? तर म्हणते, तुझ्या बाबांनी या घोड्यासाठी हे दार कधी रंगवूच दिलं नाही. आणि मला इतकी वर्षं वाटायचं, आमची रंगवायची ऐपत नव्हती."

बोट घोड्यावरच होतं. ते न उचलता म्हणाले,

"ग्लेझ नको. जे सगळ्यात जास्त टिकतं, ते लावा."