ट्रक मालासाठी, गाडी माणसासाठी

३ जानेवारी
या वर्षी गाडी घ्यायचीच. इतकी वर्षं घेतली नाही, त्याला लोक चालढकल म्हणतात. मी अभ्यास म्हणतो. लहान गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. उंच गाड्या वळणावर डोलतात. इलेक्ट्रिक आधी शेजाऱ्यांना घेऊ देत, मग बघू. ऑफिसात गाडी घेण्याआधी सगळे माझं मत विचारतात. घेतात मात्र दुसरीच. मत्सर, दुसरं काय!

११ जानेवारी
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता व्यायामासाठी त्यांना वरचेवर हॉस्पिटलात न्यायचं. मेहुणा स्वतःच्या ट्रकमधून नेतो. घरोघरी कपाटं पोचवायचा धंदा त्याचा. मागे कपाटं, पुढे सासूबाई! बायकोला म्हटलं, ट्रक मालासाठी, गाडी माणसासाठी. ती म्हणाली, मग आणा ना गाडी. हिला तुलना करणं म्हणजे काय ते कळतच नाही.

३० जानेवारी
पुन्हा टेस्ट ड्राइव्ह. शोरूममधली बाई मला बघताच आत निघून गेली. माझ्यासारखा जाणकार समोर आला की दडपण येत असणार. डिकी लहान निघाली. नापास.

१९ फेब्रुवारी
घेतली! सेकंडहँड आहे, पण लांबलचक, काळी, लेदरच्या सीटा. मालक म्हणाला, क्वचितच बाहेर काढायचो. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ही पुरात बुडालेली दिसते, नका घेऊ. चांगला सौदा दिसला की या लोकांच्या पोटात दुखतं. बायकोने एवढंच विचारलं, सीट इतकी खाली, आई बसणार कशी? म्हटलं, सवयीने.

२२ फेब्रुवारी
सासूबाई बसल्या. बसणं सोपं होतं. उठवेना. शेवटी मी, बायको आणि वॉचमन, तिघांनी ओढून काढलं. माझं डोकं दारावर आपटलं, कोणी विचारलंही नाही. मेहुण्याने म्हणे ट्रकला लाकडी पायऱ्या करून घेतल्यात, आणि सासूबाई वर ऐसपैस बसतात. बसोत बापड्या. मायलेज काय, त्यांना काय ठाऊक!

९ मार्च
बायको भावाकडून ट्रक चालवायला शिकतेय. माझ्या गाडीला हात लावत नाही. मी फुटपाथवरून क्लचबद्दल चार शब्द सांगितले. तिने काच वर केली. धूळ असेल.

२६ मार्च
गाडीत ओला वास येतो. लेदर आहे, वास येणारच. सकाळी चालू व्हायला वेळ घेते. मीही घेतो.

२ एप्रिल
डॉक्टर आज गुडघा तपासणार होते. मी हट्टच धरला, आज मीच नेणार. बायको नको नको म्हणत होती. उड्डाणपुलावर गाडी बंद पडली. काचा विजेवरच्या, खाली होईनात. वरून ऊन. सासूबाई घामाघूम. म्हणाल्या, जावईबापू, लेकीला फोन करा. म्हटलं, काही गरज नाही, आत्ता बघतो. बॉनेट उघडलं. उघडता आलं. पुढे काय करायचं ते मॉडेलनुसार बदलतं.
शेवटी फोन त्यांनीच केला. बायको ट्रक घेऊन आली, एकटी. आईला बाहेर काढलं, पाणी पाजलं, पायऱ्या लावून वर चढवलं. मी विचारलं, दोर आणलास का, ओढायला? ती म्हणाली, डॉक्टर निघून जातील. आणि गेली.
मी तिथेच थांबलो. गाडी एकटी सोडणं बरं दिसलं नसतं.

३ एप्रिल
गुडघा सुजलाय. बायको माहेरीच राहिली. चौकशीला फोन केला. बोलता बोलता फ्युएल पंपाचा विषय निघाला, मीच काढला. फोन कट झाला. नेटवर्क.

१० एप्रिल
गॅरेजवाला म्हणाला, भंगारवाल्याला विचारा. मी दुसरं मत घेणार. बायको आली की दोघं मिळून ठरवू. दोन दिवसांत येईल. सामान सगळं इथेच तर आहे.

१८ एप्रिल
बायको सामान न्यायला आली. ट्रक तिनेच चालवत आणला होता, मेहुणा शेजारी बसून आला. मला वाटलं, चार कपडे नेईल. शिलाई मशीन नेलं, तिच्या लग्नातलं कपाट नेलं, खिडकीतल्या कुंड्यासुद्धा. मेहुणा माझ्याशी नीट बोलला, हेच जास्त लागलं. मी म्हटलं, मी नवीन गाडी बघतोय, या वेळी उंच सीटची, तुझ्या आईच्या सोयीची. ती म्हणाली, आई आता काठी घेऊन चालते. तुम्ही एकदा तरी विचारलंत का?
मी म्हटलं, मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटते.
ती चढून बसली. म्हणाली, बाजूला व्हा, रिव्हर्स घ्यायचाय.
बाजूला झालो. गेट अरुंद, दोन्हीकडे भिंत. मी हातवारे करत होतो, डावीकडे, डावीकडे. तिने बघितलं नाही. एका दमात बाहेर. कुठे ओरखडासुद्धा नाही.