गुरुवारी या

रविवार, १९ एप्रिल
(वार कॅलेंडर बघून लिहिला आहे. हल्ली सगळे वार एकाच ठाणातून कापल्यासारखे दिसतात.)

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राचा मायना मला कधीच जमला नाही. मामाला, आत्याला पत्रं तू लिहायचीस आणि मी खाली सही ठोकून खेळायला पळायचो. त्यावरूनच तू मला ‘घाई’ म्हणायला लागलीस आणि पुढे दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणायला लागली. आज मात्र वरचं सगळं मलाच लिहायचं आहे.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन तारखेला टाकलेलं सतराला पोचलं. पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत सरकवलं, रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून ओरडला, “मास्तरांचं ऐकून फार वाईट वाटलं हो!” मी खिडकीतून हात हलवला. सध्या भेटायला येणारे सगळे असेच रस्त्यापलीकडून येतात. खालच्या मजल्यावरच्या बाई तर माझ्याशी बोलून झाल्यावर स्वतःची खिडकीही पुसून घेतात.

आम्ही दोघं बरे आहोत. माझा ताप उतरला, बायकोला आलाच नाही. चौदा दिवस दारावर चिकटवलेला कागद शुक्रवारी काढून नेला. बायको रोज सकाळी मला दाढी करायला लावते. म्हणते, कोणी बघायला येणार नसलं तरी माणसात राहा.

काल दुकान उघडलं. उघडलं म्हणजे शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत गेलो. परवानगी नाहीच. तीन नवरदेवांचे सूट तसेच टांगलेले आहेत, तिघांचीही लग्नं पुढे ढकलली. त्यातल्या एकाचा फोन आला होता. म्हणाला, घरी बसून नुसता खातोय, लग्नापर्यंत सूट होईल ना? उसवून सैल करायला शिवणीत माया आहे ना? म्हटलं, मास्तरांच्या हातची माया आहे, आणखी अर्धा नवरदेव मावेल. तो हसला आणि मग पटकन फोन ठेवून दिला. त्याला आठवलं असावं, आपले बाबा आता नाहीत ते.

बाबांच्या मशीनवर मी कापड टाकलं आहे. बॉबिनमध्ये निळा दोरा अर्धा आहे. तो काढला नाही.

तू पत्रात एकच गोष्ट विचारलीस आणि मी सूट-बूट करत बसलो आहे. बायको मघाशी खांद्यावरून डोकावून गेली. म्हणाली, “सगळं लिहिलंत, फक्त लिहायचं तेवढं सोडून.” लिहितो. पण मला ते सुरुवातीपासूनच लिहावं लागेल, नाहीतर हात पुढे जाणार नाही.

बाबांना ऐकू येत नव्हतं, ताई. गेली पाच-सहा वर्षं. आधी एक कान गेला, मग दुसरा. तुझामाझा फोन वर्षातून दोनदा व्हायचा, तोही चोरून, पण त्यात मी हे तुला कधी सांगितलं नाही. त्यांनीच बजावलं होतं, “थोरलीला सांगू नकोस. म्हणेल, म्हातारा झाला.” तुमचं भांडण झालं तेव्हा त्यांचे कान इतके तिखट होते की तू दारात पुटपुटलेलंही त्यांना ऐकू गेलं. “एवढी माया सोडायची म्हणजे कापडाची नासाडी. तयार कपड्यांच्या कारखान्यात कोणी सोडत नाही.” ते म्हणाले, मग तिथंच जा. आणि तू गेलीस. नऊ वर्षं. तुम्ही दोघं एकाच दगडाचे, मी मधल्या मधे पिठासारखा.

तर कान. त्यांना कानामागे लावायचं यंत्र घेऊन दिलं होतं, पण ते बरेचदा लावायचे नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघून काम चालवायचे. आणि ओठही कळले नाहीत तर त्यांनी एक युक्ती काढली होती. शिंप्याच्या दुकानात माणूस काय विचारणार? ‘होईल का?’ आणि ‘कधी होईल?’ याच्यापलीकडे काही नाही. म्हणून ते कोणालाही, काहीही विचारलं तरी मान हलवून सांगायचे, “हो हो, होईल. गुरुवारी या.” एकदा एका बाईंनी विचारलं, मास्तर, तब्येत कशी आहे? “हो हो, होईल. गुरुवारी या.” वीजबिलाची चौकशी करायला आलेल्या माणसाला तेच. तो बिचारा खरंच गुरुवारी आला. आमच्या दुकानात गुरुवारी जत्रा भरायची आणि बाकीचे सहा दिवस आम्ही त्यावर हसायचो.

आता तुला कळलं असेल मी कुठे चाललो आहे ते. तू थांबू नकोस, पुढे वाच. मीही थांबत नाही.

मार्चमध्ये दवाखान्यातून मास्कची मागणी आली. पाचशे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत. कापड थोडं होतं. मी हिशेब केला की शिवणीला माया सोडली नाही तर त्यातच पाचशे बसतात. तुझ्या कारखान्यासारखं कापलं, सपासप. मास्क झाले, पण दोन बोटं लहान. तोंडावर ओढून बसायचे, इलॅस्टिक कानामागे रुतायचं. बाबाही तोच मास्क लावून बसले होते. तो काढला की इलॅस्टिकबरोबर कानामागचं यंत्र उडायचं. एकदा मशीनखाली गेलं, एकदा खडूच्या खोक्यात. तिसऱ्यांदा चिंध्यांच्या ढिगात पडलं आणि मी दोन तास चिंध्या उपसल्या. सापडलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “मास्क लहान झालेत रे. माया सोडली नाहीस.”

माझं डोकं फिरलं. ओरडलो, “तुमच्या मायेपायी पाचशेचे चारशे झाले असते! राहू दे ते यंत्र आता. तसंही कोण येतंय तुमच्याशी बोलायला?”

यंत्र माझ्या हातात होतं आणि माझ्या तोंडावर मास्क होता. म्हणजे त्यांना ना ऐकू आलं, ना ओठ दिसले. ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “हो हो, होईल.” मी यंत्र बटणांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

नऊ दिवसांनी त्यांना ताप आला. शुक्रवारी दुपारी गाडी न्यायला आली. अंगभर प्लॅस्टिक घातलेली दोन माणसं, चेहरा नावाला नाही. मी धावत पिशवी भरली. चष्मा, टॉवेल, दोन सदरे, दात घासायचा ब्रश, फोनचा चार्जर. त्यांना फोन कुठे वापरता यायचा, पण चार्जर दिला. जिना उतरताना त्यांनी मागे वळून काहीतरी विचारलं. मी वरून ओरडलो, “चार दिवसांत याल!” त्यांनी मान हलवली.

यंत्र मला शनिवारी आठवलं. हेच तुला सांगायचं आहे. विसरलो होतो असं लिहून मोकळा झालो असतो, पण ते खरं नाही. शनिवारी सकाळी तोंड धुताना आठवलं आणि मी विचार केला, तिकडच्या गर्दीत हरवेल, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, परत आले की देऊ. असा विचार केला आणि चहा प्यायलो.

रविवारी तिथल्या सिस्टरचा फोन आला. आवाजानं तरुण वाटली, दमलेली. म्हणाली, “तुमचे बाबा किती समजूतदार आहेत हो. बाकीचे पेशंट भांडतात. हे काहीही विचारा, हो हो म्हणतात. जेवण झालं का, हो. दुखतंय का, हो. सारखे विचारतात मात्र, आज वार कोणता?” तेव्हा मला उमगलं. तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली, ताई. एकाचेही ओठ दिसत नव्हते. आपल्या बाबांभोवती दिवसभर माणसं होती आणि त्यांच्याशी एक शब्दही कोणी बोललं नव्हतं. मी तिला म्हणालो, त्यांना ऐकू येत नाही, पाटीवर लिहून दाखवा. ती म्हणाली, बरं. पण तिची पाळी तेव्हाच संपत होती.

सोमवारी सकाळी यंत्र, नव्या बॅटऱ्या आणि ‘कृपया कानाला लावा’ अशी चिठ्ठी पाकिटात घालून मी दवाखान्याच्या फाटकावर दिली. आणि सोमवारीच दुपारी तू दवाखान्यात फोन केलास. नंबर मीच तुला दिला होता. तेव्हा सांगायला हवं होतं, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. पण तेवढं सांगितलं तर यंत्र कानाला का नाही तेही सांगावं लागलं असतं. म्हटलं, तोवर पाकीट वर पोचेल.

तू लिहिलं आहेस: “सिस्टरनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी म्हणाले, बाबा, मी थोरली. माझं चुकलं, मी येऊ का? ते म्हणाले, हो हो, होईल, गुरुवारी या. मला ‘या’ म्हणाले, परक्या माणसाला म्हणतात तसं. राग पुरता गेला नव्हता. पण बोलावलं तरी. आणि मी पोचले नाही. बुधवारी निघाले तर नाक्यावरून परत पाठवलं, आणि तिथेच तुझा फोन आला की ते पहाटेच गेले. त्यांनी नऊ वर्षांनी मला बोलावलं आणि मी गुरुवार गाठू शकले नाही. ते आणखी काही म्हणाले का रे? माझी वाट बघत होते का?”

हे मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. कालपर्यंत ठरवलं होतं की तुला लिहायचं, हो, वाट बघत होते. त्यात माझंही बरं झालं असतं. पण तू त्या गुरुवारला जन्मभर उराशी धरून बसशील, मला माहीत आहे ना तुझा स्वभाव.

त्यांनी तुला गुरुवारी बोलावलं नव्हतं. त्यांनी तुझं काहीच ऐकलं नाही. कानाशी काहीतरी धरलं म्हणून त्यांनी सवयीनं उत्तर दिलं. आणि ‘या’ म्हणाले ते रागानं नाही गं. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक आहे. तू पोचली नाहीस हा तुझा गुन्हा नाही, आणि तुला जे ‘हो’ मिळालं ते हिरावून घेणारा मी आहे. बुधवारी त्यांच्या सामानाबरोबर ते पाकीट परत आलं. त्याला मी लावलेली टाचणीसुद्धा निघालेली नव्हती.

रात्रंदिवस एकच डोक्यात येतं. तुझा आवाज त्यांच्या कानाला लागून होता, आणि मधे होता माझा बटणांचा डबा.

मी उठून पाणी पिऊन आलो.

आता दुसरं. याच्यासाठीच आज लिहायला बसलो, नाहीतर अजून आठ दिवस टाळलं असतं. काल दुकानात सूट झाडून परत टांगत होतो, तर त्यांच्या मागच्या खुंटीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. बायकांचा कोट आहे, गडद हिरवा, लोकरीचा. तुला शोभतो तो हिरवा. अजून कच्च्या टाक्यांवर आहे, अस्तर लागलेलं नाही, पण कॉलर पुरी झाली आहे आणि ती कॉलर बघितलीस तर तुला कळेल, हात कोणाचा ते. हे कधी चाललं होतं मला पत्ता नाही. मी दुपारी जेवायला वर यायचो तेव्हाच बसत असतील.

त्याला गिऱ्हाइकाची असते तशी चिठ्ठी टाचलेली आहे. जशीच्या तशी उतरवतो:

नाव: थोरली.
माप: जुन्या वहीतलं.
माया: चार बोटं. आता केवढी असेल कोण जाणे.
कधी हवं: येईल तेव्हा.

आपल्या दुकानात त्या शेवटच्या ओळीत गुरुवारखेरीज दुसरं काही लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे. ते सवयीनं नाही, मनात तुझं ऐकून दिलेलं आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू चांगली आहेस, ‘हो’ लिहून पाठवशील, आणि त्या ‘हो’मध्ये काय आहे ते मला कळायचं नाही. समोर येऊन काय ते बोल. शिव्या दे, चालेल. मी मास्क काढून, दोन हात लांब बसून, सगळं ऐकेन.

कोट पाठवत नाही. कच्च्या टाक्यांचा कपडा पोस्टानं पाठवायचा नसतो, हे तुला मी काय सांगणार. तो अंगावर घालून बघावा लागेल, आणि पुढचं तुलाच शिवावं लागेल, कात्री तुझी तुलाच आहे. मी आतली माया एक सूतही कापलेली नाही, कापणार नाही. रस्ते उघडले की निघ. वार बघू नकोस.

‘या’ नाही गं ताई, ये.

तुझी वाट बघत बसलेला,
घाई