मागची सीट

बाबा,

तुमची गाडी चालू झाली. आधी एवढंच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला राग येणार आहे आणि तुमचा राग मला अजून नीट आठवतो. तुम्ही कधी ओरडला नाहीत. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचात, आणि तेवढ्या वेळात समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. तुम्ही गेलात तेव्हा मोटारसायकल घरापुढच्या छपराखाली, सपरीत उभी होती, ती तशीच उभी राहिली. टाकीवर कोंबड्या चढायच्या, आई त्यांना हाकलायची आणि गाडीवर जुनं लुगडं पांघरून ठेवायची. मी कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागलो, सुट्टीला पोंभुर्ण्याला येत राहिलो, गाडीच्या बाजूने घरात शिरत राहिलो. इतकी वर्षं तिला हात लावला नाही. या उन्हाळ्यात लावला.

ती गाडी आपल्या घरची कमी आणि रस्त्याची जास्त होती. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर, खुरकतीची लस घेऊन गावोगाव फिरायचात. दुसरे लोक लशीची बर्फाची पेटी मागे बांधायचे. तुम्ही ती पुढे टाकीवर बांधायचात. तिच्यामुळे गुडघे फाकवून बसावं लागायचं, बर्फाच्या पाण्याने पँट भिजायची, आई चिडायची, पण मागची सीट तुम्हाला मोकळी हवी असायची. आपल्याकडे जंगलातल्या रस्त्याने संध्याकाळी कोणी पायी दिसला तर गाडीवाला थांबतो. वाघाच्या मुलखात हे कोणाला शिकवावं लागत नाही. तुम्ही मात्र दुपारीही थांबायचात. सरपणवाली, शाळेतून येणारा मास्तर, कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला म्हातारा, कोणीही असो. ते हात करायच्या आधीच तुमचा ब्रेक लागायचा.

एकदा तर तुम्ही मला उतरवलं होतं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आपण दोघं घराकडे येत होतो आणि एका टोल्यापाशी, चार घरांच्या वस्तीपाशी, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन एक बाई उभी होती. तुम्ही गाडी थांबवलीत आणि मला म्हणालात, "उतर." बस, एवढंच. मी उतरतो, ती बाई बसते, गाडी वळते आणि धूर सोडत निघून जाते. मला एका अनोळखी अंगणात बाजेवर बसवतात, एक गोंड म्हातारी आंबील आणून देते, मी ती पितो आणि तुमच्यावर मनातल्या मनात जळत बसतो. तुम्ही परत आलात तेव्हा अंधार पडला होता. मी घरापर्यंत तोंड फुगवून बसलो. दाराशी गाडी उभी करून तुम्ही चष्मा काढलात. "शीट तुही नाई," तुम्ही म्हणालात. "जो पायी चालून राह्यला त्याची आहे. रिकामी होती म्हनून तू बसला."

त्या रस्त्याच्या सीटवर हक्काने बसणारं माणूस एकच होतं. ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जायचं असलं की आदल्या दिवशी तुम्ही गाडी धुवायचात आणि आई पांढरं पातळ नीळ घालून वाळत टाकायची. ती एका बाजूला पाय सोडून बसायची. तिचे पाय लटकतात म्हणून तुम्ही जाड लोखंडी पट्टी आणून पायदान जोडून घेतलंत, आणि एका वर्षी सीटला नवं मरून रेक्झिन चढवून आणलंत. तुम्ही आईला दागिना दिल्याचं मला आठवत नाही. ती सीट तिने दागिन्यासारखी वापरली. धुळीचे पाय तिच्यावर ठेवले की आम्हाला बोलणी बसायची.

आता माझं सांगतो. आमच्या कारखान्यात पोरांना जुन्या गाड्यांचं वेड आहे. कोणी नवी घेत नाही, बापाची नाहीतर आजोबाची बाहेर काढतात आणि तिची कॅफे रेसर करतात. म्हणजे हँडल खाली, टाकी लांबट, मागचा सगळा पसारा काढून टाकायचा आणि एकाच माणसापुरती छोटी सीट, मागे कुबड असलेली. बसणारा टाकीवर वाकून बसतो. मोबाइलवर असल्या गाड्या बघून बघून माझी झोप उडाली होती. आपल्या सपरीत दोन सायलेन्सरची, किकच खाली पाडली की तिचाच गिअर होणारी अस्सल जुनी गाडी उभी, आणि मी दुसऱ्यांच्या बघत होतो. मी स्वतःला सांगितलं, बाबांची गाडी जिवंत करायची. बोलायला किती छान वाटतं! लोकांनाही हेच सांगत सुटलो.

आईला केवढा आनंद झाला, बाबा. मी सपरीत गाडी खोलायला घेतली की ती पाट घेऊन बाजूला बसायची, तांदूळ निवडत. पिस्टन जाम झाला होता, डिझेल ओतून दोन रविवार वाट पाहिली, तिसऱ्या रविवारी तो सुटला तेव्हा तिने टाळी वाजवली. टाकीत गंज होता. चिंचेच्या पाण्याने निघतो असं मी म्हटलं तर तिने वर्षाची साठवलेली चिंच अर्धी माझ्यापुढे ठेवली. आम्ही दोघांनी टाकीत चिंचेचं पाणी आणि खडे घालून ती इकडून तिकडून इतकी हलवली की आईचे हात दुखून आले. "दीक्षाभूमीच्या आंधी होईन ना?" ती दर सुट्टीला विचारायची. मी हो म्हणायचो. मला वाटायचं, तिला गाडी बघायची घाई झाली आहे. ती कशासाठी विचारते हे मला एकदाही सुचलं नाही. नुसत्या स्पोकला पॉलिश करण्यात मी अख्खी दुपार घालवली, आणि हा एवढा साधा विचार करायला मला वेळ झाला नाही.

चेसिसचा मागचा भाग कापायला वेल्डर घरीच आला. खडूने खूण केली आणि म्हणाला, "मांगं कोनी बसनार नाई ना, भाऊ? मंग कापतो." मी म्हटलं, "नाही, मी एकटाच." आई त्या दिवशी मावशीकडे गेली होती. कापलेला भाग, मरून सीट, मागचं मडगार्ड भंगारवाला घेऊन गेला. पायदानाची पट्टी मी ठेवली. भावनेने नव्हे. लोखंड चांगलं जाड होतं, त्यातून नंबर प्लेटचा ब्रॅकेट निघाला. आई आली तेव्हा गाडीवर ताडपत्री होती. मी तिला म्हटलं, आता एकदम तयार झाल्यावरच बघ.

जायच्या दिवशी सकाळी मी ताडपत्री काढली. काळी टाकी, त्यावर बारीक सोनेरी पट्टी, खाली झुकलेलं हँडल. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी झाली होती. आई आतून आली ती पांढरं पातळ नेसून, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. मग मला कळलं. ती गाडीकडे बघून हसली, टाकीवरून हात फिरवला, हात फिरवत फिरवत मागे गेली आणि माझ्या त्या कुबडापाशी तिचा हात थांबला. पुढे हात ठेवायला काही नव्हतंच.

"मी कुठी बसू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आई, आपण बसनं जाऊ ना, गाडी काय, नंतर..." ती म्हणाली, "काऊन? तू जा गाडीनं. मस्त दिसते. मी बाया संगं येतो." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. शेजारच्या बायकांबरोबर ती एसटीत बसली. आणि मी, बाबा, खरंच गाडीने गेलो. तिथे जमलेल्या पोरांनी गाडीभोवती घोळका केला, फोटो काढले. आई लांबून बघत होती. एकाने विचारलं, "कोनाची गाडी होय?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांची." माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

येताना जंगलात संध्याकाळ झाली, तुमचीच परतायची वेळ. वळणावर एक म्हातारी चालत होती, डोक्यावर लहानसं गाठोडं. तिने हात केला आणि माझाही ब्रेक लागला, तुमच्यासारखाच. एवढं तरी अंगात होतं. ती बिचारी सवयीने मागे गेली, चढायला हात टेकला आणि चमकून म्हणाली, "मांगं तुटली का गा गाडी?" मी हसलो. मग हसू येईना. म्हटलं, "माय, तुम्ही चाला, मी संग येतो." पहिल्या गिअरमध्ये तिच्या चालीने गाडी हाकत राहिलो. इंजिन तापून वास यायला लागला. तिलाच माझी दया आली. "जा गा तू, माह्यासाठी काऊन अटकून राह्यला?" तेवढ्यात मागून एक पोरगा साध्या शंभर सीसीच्या गाडीवर आला, थांबला, फक्त "बसा माय" म्हणाला आणि तिला घेऊन गेला. माझ्या गाडीकडे त्याने पाहिलंही नाही. मला फार लाज वाटली, बाबा. ती लाज घेऊन मी थेट वेल्डरकडे गेलो आणि मागची चेसिस पुन्हा जोडता येईल का विचारलं. तो म्हणाला, "काऊन नाई येनार? कापली तशी जोडू. एका दिवसाचं काम होय, घेऊन या."

त्या आठवड्यात आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीपाशी बसलो होतो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "लोखंडच तं होय ते. जोडता नाई ये का?"

मी म्हटलं, "नाही येत, आई. एकदा कापलं की वेल्डिंग धरत नाही."

"मंग राहू दे," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. एवढ्यावर विषय संपला. ती आता सपरीत येते, झाडते, गाडीला वळसा घालून झाडते. लुगडं पांघरत नाही.

मी हे का म्हणालो, याची कारणं शोधून पाहिली. पुन्हा कापाकापी केली तर चेसिस कमजोर होईल, रंग जाईल, जुनी सीट मिळणार नाही. सगळी खोटी आहेत. खरं कारण हे की मला ती अशीच आवडते. चंद्रपुरात दुकानांच्या काचांपुढून जाताना मी गाडी हळू करतो आणि काचेत बघतो. मागे सीट लावली तर ती पुन्हा दवाखान्याच्या ड्रेसरची गाडी दिसेल.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहू शकलो. तुम्ही असतात तर तुमच्या हातात दिलं नसतं. वेल्डरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. रोज वाटतं, आज लावू. आई पुन्हा विचारत नाही, आणि ती विचारत नाही याचं मला बरं वाटतं.