समोरून शिकलेली पेटी

अण्णा, ज्यांचे आईबाप गेलेत अशा आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एक सामाईक तक्रार आहे. तुम्ही लोक जाताना काहीतरी मागून जाता आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. मग आम्ही उरलेलं आयुष्य त्या मागणीशी हुज्जत घालत बसतो, आणि समोर कुणी नसल्यामुळे ती हुज्जत कधीच जिंकता येत नाही. मला हरायची सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझ्याकडे एकच मागितलं होतं. "मी गेल्यावर एकदा पेटी वाजव. तुझी ती पालथी चाल. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल." त्याला बावीस वर्षं झाली. बाकी काही केलं नाहीच, पण पेटीही वाजवली नाही. तुम्ही गेलात त्या वयाची आता मी झाले आहे. पेटी समोर पलंगावर ठेवली आहे, मागच्याच आठवड्यात दुरुस्त करून आणली.

आधी मी ती कशी शिकले ते सांगते, कारण त्यातलं अर्धं तुम्हाला कधी कळलंच नाही. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्या. तुम्ही पहाटे रामकुंडावर जायचात, दिवसभर परगावच्या माणसांच्या वाडवडिलांचं श्राद्ध चालवायचात, आणि ओल्या धोतराचा नि दर्भाचा वास घेऊन घरी यायचात. दिवेलागणीला पेटी काढायचात. मी आठ वर्षांची. शिकवा म्हटलं तर म्हणालात, "पेटी शिकवून येत नाही. आणि तुला ती येऊन करायचंय काय?" रागावून नव्हे, खरंच प्रश्न पडल्यासारखं. मी तुमच्या समोर बसायचे, कारण तुमच्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला देव्हारा. समोर बसून तुमची बोटं पाहायचे. दुपारी तुम्ही घाटावर असताना जेवणाचा पाट पालथा घालायचे, त्यावर कोळशाने पट्ट्या काढायचे, आणि जसं दिसलं होतं तसं वाजवायचे. तुमचा हात ज्या बाजूला सरकायचा, त्याच बाजूला माझा. पाटाला आवाज नव्हता. आवाज डोक्यात होता, आणि तो अगदी बरोबर होता. जवळजवळ वर्षभर मी अशी मुकी पेटी वाजवली. आई सारवताना रोज पट्ट्या पुसून टाकायची, मी रोज नव्या काढायचे.

मग एके दुपारी आई पाणी भरायला गेली आणि मी खरी पेटी उघडली. उजव्या हाताने भाता मारला, डाव्या हाताने तुमची सांजेच्या आरतीची चाल धरली. सूर आले, पण चाल आली नाही. जिथे वर चढायला हवं तिथे ती खाली उतरत होती, आणि जिथे तुम्ही खाली येऊन विसावायचात तिथे ती वर वर जाऊन टांगून राहत होती. आज मी हे एका वाक्यात समजावू शकते. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. मी सगळंच उलट्या बाजूने शिकले होते, त्यामुळे चढाचा उतार झाला. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला हे कुठून कळणार? तिला एवढंच कळलं की ही चाल दुसरी आहे, पण परकी नाही. माझा हात थांबेना. आई दारात येऊन उभी होती. कमरेवरची घागर तिने खाली ठेवलीच नव्हती.

"ही चाल कुणी शिकवली?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? कुणीतरी शिकवल्याशिवाय ही येईल का?"

मला वाटलं, पेटीला हात लावला म्हणून ती चिडली आहे. तिचा चेहरा मात्र चिडलेल्या माणसाचा नव्हता. ती माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जमिनीकडे पाहत होती.

संध्याकाळी तुम्ही मला तीच चाल पुन्हा वाजवायला लावलीत. दोन ओळी ऐकल्यात आणि माझा हात पट्ट्यांवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवलात. म्हणालात, "घाटावर आम्ही जानवं उजव्या खांद्यावर घेतो, पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडतो, फिरायचं तर उलट्या अंगाने फिरतो. का? ते सगळं गेलेल्यांसाठी असतं. जिवंत माणसांच्या घरात उलटं काही करायचं नाही. पुन्हा हात लावायचा नाही." तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरले असते. तुमचा आवाज मात्र कापत होता, आणि बाप घाबरतो हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

माझ्या आधी एक भाऊ झाला होता आणि चौथ्या वर्षी तापाने गेला, एवढं मला माहीत होतं. बाकीचं आईने त्या आठवड्यात सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. तो तुमच्या समोर बसायचा, मी बसायचे तिथेच. तुम्ही वाजवायला लागलात की गुणगुणायचा, पण तुम्ही वर गेलात की तो खाली यायचा, तुम्ही खाली आलात की तो वर. "आम्ही हसायचो गं. म्हणायचो, वेडं आहे आमचं." पुढे मी अंधश्रद्धेविरुद्धच्या शेकडो सभांमध्ये अंगात येण्याची, करणीची, भानामतीची उत्तरं दिली. समोरून पाहणाऱ्याचे हात उलटे होतात, हे मी कुठल्याही सभेत पटवून देईन. पण तो तर पाहून वाजवत नव्हता, ऐकून गात होता. समोर बसल्याने कान उलटे कसे होतील? या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो मला अजून कुठल्या सभेत कुणी विचारलेला नाही.

महिन्याभराने एका शनिवारी शाळा लवकर सुटली. दार लोटलेलं होतं. तुम्ही पेटीच्या चुकीच्या बाजूला बसला होतात, माझ्या जागेवर, आणि भात्यावरून हात पलीकडे टाकून तुमचीच चाल वाजवत होतात. सवयीच्या बोटांनी, उलट्या बाजूने. ती पालथी निघत होती, चाचपडत, मध्ये मध्ये चुकत. जानवं उजव्या खांद्यावर होतं. घरात, भर दुपारी, ना तिथी ना पर्वणी. मला पाहिलंत तेव्हा दचकला नाहीत. म्हणालात, "दार लाव. ये. मला नीट येत नाही, तू वाजव."

मी वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुम्ही समोर डोळे मिटून बसला होतात. चाल संपल्यावर विचारलंत, "ऐकलंस?"

मी म्हणाले, "नाही."

"काहीच नाही?"

"काय ऐकायचं होतं?"

तुम्ही जानवं डाव्या खांद्यावर घेतलंत आणि "बरं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही पेटी बंद केली नाहीत, पण आरतीची ती चाल कधी वाजवली नाहीत, आणि मला कधी काही विचारलं नाहीत. शेवटच्या आजारपणात त्या मागणीपुरता तो विषय पुन्हा काढलात. "तू मुलगी, तुला पिंड देता यायचा नाही," म्हणालात, आणि थोडं हसून, "आणि तुला द्यायचाही नाहीये. म्हणून पेटी."

मला द्यायचा नव्हता, हे खरं. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. गेल्या महिन्यात अंबडला एका कारखान्याच्या गेटवर बोलत होते. तिथे यंत्रात एका कामगाराची तीन बोटं गेली. मालकाने यंत्राला जाळी बसवली नाही, भटजी बोलावून यंत्राची शांत केली. बोटं कापणाऱ्या यंत्राला हळदकुंकू, आणि बोटं गेलेल्याला घरी बसण्याची नोटीस. मेलेल्यांचं भय दाखवून जिवंतांना वाकवणारा हा धंदा मोडलाच पाहिजे, असं मी म्हणाले, आणि शब्दन् शब्द मनापासून म्हणाले. मागून एक जण उठला.

"ताई, इचारू का? तुमच्या वडलांचं दहावं घातलं का नाय?"

"नाही घातलं."

"मंग ते भटकत आसतील ना."

"भटकू द्या. उभा जन्म एका घाटावर बसून गेला त्यांचा. जरा फिरून येऊ द्या."

सगळे हसले. विचारणाराही हसला, म्हणाला, "ताई लय भारी." मीही हसले. घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं की मी तुम्हाला दुसऱ्यांदा नाकारलं होतं, आणि पहिल्या वेळी निदान चारचौघे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी पेटी काढली. दुरुस्ती करणारा माणूस वणीकडचा, म्हातारा, कमी बोलणारा. त्याला विचारलं, एखादी पट्टी दाबली की आतला दुसरा सूर आपोआप हलकासा बोलतो, असं काही आहे का या पेटीत? जुना दोष? त्याने कान लावून एकेक सूर तपासला. "नाय ओ ताई. सूर ठणठणीत हाय. भात्याला ठिगळ लावलंय, बाकी कायबी नाय." मी म्हटलं, पुन्हा बघा. त्याने पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला दोष निघायला पायजे का?"

हो, मला दोष निघायला हवा होता. त्या दोषावर मी पन्नास वर्षं उभी आहे.

अण्णा, हे पत्र मी कुठे टाकणार नाही. नदीत सोडणार नाही, पुढच्या भाषणात वापरणार नाही. म्हणून इथे लिहिते. त्या शनिवारी मी ऐकलं होतं. मी वाजवत असताना कुणीतरी बारीक आवाजात चालीबरोबर गुणगुणत होतं, अर्धी मात्रा मागून, लहान मूल मोठ्यांच्या मागे पळत येतं तसं. मला वाटलं, आई आत असेल. तुमचे ओठ मिटलेले मी पाहिले. मग चाल संपली, मी हात उचलला, भात्यातला वारा सरला, आणि तो आवाज एक श्वास उशिरा थांबला. त्याच वेळी बाहेरून आई भाजी घेऊन आली. तुम्हाला एक साक्षीदार हवा होता, बस. मी "हो" म्हणाले असते तर तुम्ही एकटे पडला नसता. मी नाही म्हणाले, कारण मी भ्याले होते. पुढे त्या भीतीला मी विचार म्हणू लागले. तो विचार बरोबरच निघाला, आजही बरोबर आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण तुमच्या मागे मी पेटी वाजवली नाही ती तत्त्वासाठी नव्हे.

उद्या दुपारी दार लावून मी ती चाल वाजवणार आहे, एकदाच, तुम्ही म्हणाला होतात तशी. तुम्ही दोघांनी एवढं करा. मी हात उचलला, की थांबा.